उजवीकडचा खालचा कोपरा

९ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

तुम्ही सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. तुमचा फोन मी मुद्दामच उचलला नाही. फोनवर माझा आवाज फुटत नाही, आणि फुटला तर थांबत नाही. पत्रात निदान डोळे पुसून पुढचं वाक्य लिहिता येतं. तेव्हा तुम्हीही पत्रच लिहा.

जाताना दारात चपला घालता घालता तुम्ही मला विचारलंत की बटण कोणी दाबलं, आणि मी उत्तर न देता आत निघून गेले. ते बरं केलं नाही. बाहेर चार तोंडांनी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. पुरतं वाचा, मध्येच उठू नका.

तुमचे दादा ज्या भंगाराच्या आवारात मुकादम होते तिथली प्रेस तुम्ही पाहिली आहे. जुन्या गाड्या, पिंपं, कपाटं तिच्या जबड्यात टाकायची आणि ती दाबून त्यांचा ट्रंकेएवढा ठोकळा करते. कधी एखादा पत्रा आडवा अडकतो, मग माणसाला पहार घेऊन जबड्यात उतरावं लागतं. पूर्वी प्रेसजवळच लाल मुठीचा खटका होता. तो सारखा बिघडायला लागला तेव्हा मालकांनी तो काढून टाकला आणि सगळा कारभार वरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नेला. ज्या स्क्रीनवर ट्रकचं वजन येतं, हजेरी लागते, बिलं निघतात, त्याच स्क्रीनवर प्रेस सुरू करायची आणि त्याच स्क्रीनवर थांबवायची. तिथे काटेकाका बसतात. सारी उमर वजनकाट्यावर गेली म्हणून काटेकाका. खरं नाव त्यांच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही कोण जाणे.

आत माणूस असताना वरच्यानं काचेवरून डोळा हलवायचा नाही, हा आवाराचा नियम. तो ह्यांनीच घातला होता. नवा कोणी ऑफिसात बसला आणि स्क्रीनकडे बघायला लागला की खालून त्याचा उद्धार व्हायचा. काकांना बघावं लागायचंच नाही. त्यांचं बोट स्क्रीनच्या चौकटीवरून घसरत उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात जायचं. तिथे ‘थांबवा’. अंधारात आपल्या घरात फिरावं तसं ते बोट फिरायचं.

हे गेले त्या आठवड्यात एका सकाळी ऑफिस उघडलं तर स्क्रीन बदललेला. कोणी विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. अक्षरं जाऊन चित्रं आली होती, रंग फिके झाले होते, आणि वर लिहिलं होतं की नवं रूप, अधिक सोपं. काका दिवसभर त्या स्क्रीनला शिव्या घालत होते. रात्रीतून कोणी स्वयंपाकघरात शिरावं, मिठाचा डबा साखरेच्या जागी ठेवावा आणि वर चिठ्ठी लावावी की आता चहा अधिक सोपा, तशातली गत आहे, असं ते म्हणाले म्हणे. ह्यांनी जेवताना त्यांची नक्कल करून दाखवली. आम्ही पोट धरून हसलो. ते ह्यांचं घरातलं शेवटचं हसणं.

दुसऱ्या दिवशी पत्रा अडकला. ह्यांनी हात वर केला. काकांनी काचेतून ह्यांच्याकडे बघत बोट कोपऱ्यात नेलं, आणि हे पहार घेऊन जबड्यात उतरले. त्या कोपऱ्यात आता ‘पुढे’ होतं. ‘थांबवा’ वरच्या डाव्या कोपऱ्यात गेलं होतं, दोन उभ्या रेघांचं चित्र होऊन. प्रेस हलण्याआधी दम घेते, ती फुसफुस तुम्ही ऐकली आहे. तिनं दम घेतला. काकांना वाटलं बटण नीट लागलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा दाबलं. आणि पुन्हा. ह्यांच्यावरून डोळा न हलवता. नियम मोडून एकदा स्क्रीनकडे बघितलं असतं तर हे वाचले असते. क्रेनवाला सांगतो की काका एका हातानं बटण दाबत होते आणि कपाळानं काच फोडत होते. काच फुटली, प्रेस थांबली नाही.

मी पोचले तेव्हा काकांच्या रक्ताचे थेंब त्या स्क्रीनवर होते आणि त्यांच्या खाली हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची ओळ आली होती. नवा अनुभव कसा वाटला, असं ती विचारत होती. ते बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं.

ह्यांचं तोंड शेवटचं बघू दिलं नाही म्हणून तुम्ही माझ्यावर चिडलात. बघायला तोंड नव्हतं, भाऊजी.

तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. मागायचं ते एकच. काकांच्या वाटेला जाऊ नका. त्यांना मी काही बोललेले नाही, तुम्हीही बोलू नका. जेवणखाण वेळेवर ठेवा, वेल्डिंग करताना डोळ्यांवर काच घ्या.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही. माया आहे, ती तशीच राहू द्या.

तुमची वहिनी


१७ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
शि. सा. न.

वर कागद फाटलेला दिसेल, त्याबद्दल माफी. हातानं सवयीनं ‘सौ.’ लिहिलं. मग खोडलं. मग इतकं खोडलं की पेन आरपार गेलं.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही म्हणता काकांच्या वाटेला जाऊ नका. वहिनी, दादा माझा बाप होता. बाप गेल्यावर मला शाळेच्या गेटापर्यंत कान धरून नेणारा तो, आणि गेटातून पळालो की घरी बुकलणाराही तोच. त्याला एक म्हातारा पत्र्यासारखा दाबून टाकतो, आणि तुम्ही त्याची बाजू मांडता की बोट घसरलं. बोट घसरायला ती काय पाटीवरची बाराखडी होती? नवा स्क्रीन आला हे त्याला ठाऊक होतं ना? दिवसभर शिव्या घालत होता ना? मग?

परवा इथे आमचा फोरमन सांत्वन करायला आला. अशा गोष्टी होत असतात, यंत्र आहे, असं म्हणाला. मी हातातलं वेल्डिंगचं शिरस्त्राण त्याच्या तोंडावर मारलं. त्याचे पुढचे दात पडले. चार जणांनी मला धरलं नसतं तर मागचेही पाडले असते. नोकरी गेली. बरंच झालं, आता रजा मागायला नको.

स्क्रीन बदलणारे कुठल्या गावात बसतात ते मला माहीत नाही. त्यांना नाव नाही, तोंड नाही. त्यांच्या छाताडावर कुठे जाऊन बसू? काट्यावरच्या म्हाताऱ्याला तोंडही आहे आणि घरही. ज्या बोटानं दाबलं ते बोट त्याच्याकडे राहणार नाही, एवढं मी दादाच्या राखेसमोर बोलून बसलो आहे.

तुम्ही मला अडवायला येऊ नका. आलात तर पाया पडेन आणि बाजूला करून जाईन.

रागावलात तरी परकं करू नका.

तुमचा भाऊजी


३ मार्च

चि. भाऊजींस,
आशीर्वाद. उत्तम हा शब्द ह्या वेळी लिहीत नाही.

तुम्ही आलात, केलंत आणि मला तोंड न दाखवता परत गेलात. मी काकांच्या घरी पोचले तेव्हा जिन्यात तुमच्या बुटांचे ठसे होते आणि काकू दाराला पाठ लावून बसल्या होत्या. त्यांनी मला जे सांगितलं ते लिहिते, कारण तुम्ही केलंत ते दुसऱ्याच्या शब्दांत एकदा ऐका.

तुम्ही पाना घेऊन आत आलात तेव्हा काका चहा पीत होते. तुम्ही विचारलंत की कुठल्या बोटानं. काकांनी कपबशी बाजूला सारली, टेबल बाहीनं पुसलं आणि सगळा पंजा त्यावर ठेवला. म्हणाले की नक्की आठवत नाही रे, सगळीच घे. आणि तुम्ही घेतलीत. एकेक करून. काकू म्हणतात की ते ओरडले नाहीत, म्हणून तुम्ही आणखी जोरात मारत गेलात. त्यांना ओरडताना ऐकायला तुम्ही आला होतात. ते तुम्हाला मिळालं नाही.

मी त्यांना इस्पितळात नेलं. बोटं वांग्यासारखी काळीनिळी झाली होती. डॉक्टरांनी सळया घातल्या आहेत, पण ती पुन्हा वळणार नाहीत असं म्हणतात. पोलीस आले. काकांनी त्यांना सांगितलं की दारात सापडली. पोलिसानं विचारलं की पाचही? काका म्हणाले, जुनं दार आहे, भूक फार. पोलिसानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तुमच्यासाठी मला खोट्यात उभं राहावं लागलं.

इथल्या लोकांचं डोकंही ठिकाणावर नाही. मागच्या आठवड्यात सगळे घण घेऊन वर चढले आणि ऑफिसातले होते नव्हते ते सगळे स्क्रीन फोडले. छपाईचं यंत्र जिन्यावरून खाली फेकलं. क्रेनवाला तर फुटलेल्या तुकड्यांवर बूट घासत बसला, चुलीतली आग विझवावी तसा. मालकांनी दोन दिवसांत नवे स्क्रीन आणून बसवले. त्यांवर तेच नवं रूप.

आणखी एक. मालकांनी मला ऑफिसात यायला सांगितलं आहे, काकांच्या जागेवर. मला टायपिंग येतं आणि हिशेब येतो. मी हो म्हटलं. तुम्हाला हे आवडणार नाही. पण कोणीतरी तिथे बसणारच, आणि खाली कोणीतरी उतरणारच. माझ्यापेक्षा जास्त काळजीनं काचेतून कोण बघणार?

ह्या पत्राला उत्तर लिहिण्याआधी काकांना लिहा. नाही जमलं तर निदान खोटं बोलू नका.

तुमची वहिनी


१५ मार्च

ती. वहिनींस,
शि. सा. न.

काकांना लिहिलं नाही. जमलं नाही. खोटं बोलू नका म्हणालात म्हणून खरं लिहितो.

मला वाटलं होतं झाल्यावर छाती हलकी होईल. तुमच्याकडचे लोक मला पकडतील, मी त्यांच्याशी भांडेन, कोर्टात उभा राहून दादाचं नाव घेईन. त्या म्हाताऱ्यानं दाराचं नाव घेऊन तेही काढून घेतलं. दात काढलेल्या सापासारखा मी इथे फिरतो आहे. रस्त्यात कोणाचा धक्का लागला तरी मूठ वळते. खानावळीत नवा कॉम्प्युटर आला आहे, गल्ल्यावरच्या माणसाला बिल सापडेना, तो नुसता बोट फिरवत होता. मी ताट भिंतीवर मारून निघून आलो. त्या बिचाऱ्याचा काय दोष, हे मला जिन्यात कळलं. परत गेलो नाही.

तुम्ही त्या खुर्चीत बसणार म्हणजे कमालच आहे. टीव्हीचा रिमोट उलटा धरून दादावर ओरडणाऱ्या वहिनी तुम्ही! दादा म्हणायचा की हिच्या हातात सेल घातलेली वस्तू देऊ नका, घरदार उडवील.

पण ऐका. दादाच्या जागी खाली कोणाला घेतलं आहे? नसेल घेतलं तर मालकांना सांगा मी येतो. मला पहार धरता येते. आणि वर काचेत तुम्ही असाल तर मी डोळे मिटून जबड्यात उतरेन. तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या बोटावर मी आता जीव टाकणार नाही.

दादाची बाहेरची खोली माझ्यासाठी झाडून ठेवा. ओरडा, पण नाही म्हणू नका.

तुमचा भाऊजी


६ एप्रिल

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

खोली झाडली आहे. गादीला ऊन दाखवलं आहे. मालकांनी तुम्हाला घ्यायचं कबूल केलं आहे. मनातून मला हे नको होतं, पण तुम्ही तिथे एकटे ताटं फोडत बसण्यापेक्षा डोळ्यांसमोर असलेले बरे.

मी स्क्रीन शिकले. तुम्ही हसाल, पण परातीवर खडूनं चौकट आखली आणि रोज संध्याकाळी खिडकीबाहेर बघत बोट वरच्या डाव्या कोपऱ्यात न्यायचा सराव केला. आधी परातीच्या काठाला ठेच लागायची. आता भाजी ढवळताना कोणी हाक मारली तरी बोट आधी डावीकडे वर जातं. काकू म्हणाल्या, बाई, तुला भूत लागलं आहे. मी चहा देताना काका हळूच म्हणाले की बोट लवकर शिकतं, विसरायला मात्र फार वेळ लावतं. त्यांच्या हातातली बशी मी खालून धरली होती.

मागच्या आठवड्यात स्क्रीन बनवणाऱ्यांचा माणूस आला होता, नवं रूप कसं वापरायचं ते समजवायला. पोरगेलासाच, इस्त्रीचा सदरा. त्यानं सुरुवातीलाच विचारलं की सगळे खूश ना? क्रेनवाला उठून खाली गेला. थोड्या वेळानं आवाज झाला म्हणून सगळे काचेशी आले, तर त्या माणसाची लाल गाडी पंजाच्या तोंडात हवेत लोंबत होती. क्रेननं ती प्रेसमध्ये सोडली. काचा फुटल्या, मग चाकं फुटली, मग छप्पर दरवाज्यांत गेलं. खाली लोक टाळ्या पिटत होते. ‘पुढे’ कोणी दाबलं ते कोणी विचारलं नाही. खुर्चीत मीच होते.

तो जिन्यावर बसून रडायला लागला. मी पाणी दिलं. त्याला मी विचारलं की तुम्ही ‘थांबवा’ का हलवलंत. तो म्हणाला की त्यांच्याकडे कुठलं बटण किती वेळा दाबलं जातं ते मोजतात. जे जास्त दाबलं जातं ते हाताशी आणतात, जे कमी त्याला बाजूला सारतात. ‘थांबवा’ सगळ्यांत कमी दाबलं जायचं. माझा हात पाण्याच्या तांब्यावर इतका आवळला गेला होता की तांब्या त्याच्या टाळक्यात घालायच्या आत मी तो खाली ठेवला. मलाही येतं ते, भाऊजी. ते फक्त तुम्हालाच येतं असं नाही.

आम्ही सगळ्यांनी मिळून जुनं रूप परत आणा म्हणून अर्ज केला आहे. पहिली सही माझी.

तुम्ही या. पण इथे यायच्या आधी वाट वाकडी करून काकांच्या घरी जा.

मायेला खंड पडू देऊ नका.

तुमची वहिनी


२० जून

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

हे पत्र मोठ्या इस्पितळाच्या पत्त्यावर पाठवते आहे. मी बाहेरच्या बाकावर बसून असते, पण आत येत नाही. परिचारिका सांगते की तुम्हाला शुद्ध आहे आणि तुम्ही कोणाशी बोलत नाही. मी आत आले आणि तुम्ही तोंड फिरवलंत तर तेही सोसेन, पण आधी तुम्हाला नीट कळू दे.

दोन महिने आपण एका घरात राहिलो. तुम्ही काकांकडे गेला नाहीत आणि मी पुन्हा विचारलं नाही. जेवताना तुम्ही ह्यांच्यासारखेच हसायला लागला होतात, म्हणून मी गप्प राहिले.

त्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं तर स्क्रीनवर जुना हिरवा रंग. वर लिहिलेलं होतं की तुमच्या आग्रहावरून जुनं रूप परत. मला आनंद झाला. खोटं नाही सांगत, मी काचेतून तुम्हाला हात केला आणि तुम्ही खालून दोन्ही हात जोडलेत, आठवतं? मी तो स्क्रीन नीट पाहिला. ‘थांबवा’ उजवीकडे खाली आहे हे तोंडानं म्हटलं. मोठ्यानं. मग दिवसाचं काम सुरू झालं.

दुपारी पिंप अडकलं. तुम्ही जबड्याच्या काठावर उभं राहून हात वर केलात. मी काचेला डोळा लावला. तुमच्यावरून तो हलवला नाही. ह्यांचा नियम. माझं बोट वर डावीकडे गेलं. मी नेलं नाही, ते गेलं. जुन्या रूपात त्या कोपऱ्यात ‘सुरू’ आहे.

तुम्ही आत उतरून वाकलात. तिनं दम घेतला. मला ती फुसफुस ऐकू आली आणि मला वाटलं बटण नीट लागलं नाही. मी पुन्हा दाबलं.

काका त्या दिवशी काय करत होते ते मला तेव्हा कळलं. माझं कपाळ काचेवर आपटायला लागलं आणि बोट तिथेच दाबत राहिलं. तुम्ही आवाज ओळखून उडी मारलीत म्हणून धड बाहेर आलं. क्रेनवाल्यानं पंजातली लोखंडी तुळई तशीच जबड्यात सोडली म्हणून ती अडली. नाहीतर पायावर भागलं नसतं. तुमचं हाड मोडल्याचा आवाज वरपर्यंत आला. तुमची किंकाळी त्याच्या नंतर आली. आणि मग स्क्रीनवर ते चेहरे आले, की जुनं रूप परत मिळून कसं वाटलं.

मला कोणी काही बोललं नाही. मी जिन्यावर बसले होते. काका आले. त्यांना कोणी कळवलं माहीत नाही. ते माझ्या शेजारच्या पायरीवर बसले, तो वाकड्या बोटांचा हात त्यांनी माझ्या पाठीवर ठेवला, आणि एवढंच म्हणाले की बाई, डोळे मिटू नकोस, मिटले की दिसतं. अंधार पडेपर्यंत आम्ही तसेच बसलो, उघड्या डोळ्यांनी.

आता माझं. तुम्ही ह्यांच्या राखेसमोर बोलला होतात. ते शब्द माझ्यासाठी वेगळे होतील असं मी समजत नाही. काका परके आणि मी घरची, एवढाच फरक असेल तर तो फरक मला नको. तुम्ही घरी याल तेव्हा पाना स्वयंपाकघरातल्या फळीवर असेल. मी टेबल पुसून ठेवीन. बोट मला नक्की आठवतं, उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं. पण काकांनी सगळा पंजा ठेवला होता, तेव्हा मीही सगळाच ठेवीन.

ह्या वेळी लोभ मागत नाही.

वहिनी


९ जुलै

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न.

पाय गुडघ्याखालून गेला. हे तुम्हाला ठाऊक असेलच, तुम्ही बाहेर बसून असता. परिचारिका मला विचारते की त्या बाकावरच्या बाई तुमच्या कोण. मी पहिले काही दिवस सांगितलं नाही.

खरं लिहितो. त्या दिवसांत मी उताणा पडून तुमचीच बोटं मोडत होतो. एकेक करून. सगळी झाली की पुन्हा पहिल्यापासून. गुंगीच्या औषधात तुमचा आवाज यायचा, तुम्ही ओरडायचा, आणि मला बरं वाटायचं. नसलेल्या पायाची बोटं आवळली जायची तेव्हा मी छताकडे बघून तुम्हाला अशा शिव्या घातल्या की शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं कानात कापूस घातला.

मग तुमचं पत्र आलं. टेबल पुसून ठेवीन हे वाचलं आणि माझ्या हातातून कागद पडला. मला खाली वाकून उचलता येईना. परिचारिकेनं उचलून दिला तोवर मला पाना दिसत होता, टेबल दिसत होतं, आणि त्यावर तुमचा हात. दादाला जेवायला वाढणारा. माझ्या तापात कपाळावर असणारा. मी मनातल्या मनात पाना उचलायचा खूप प्रयत्न केला, वहिनी. उचलला गेला नाही. मग मी काकांचा हात आठवला. तोही तसाच ठेवलेला होता. त्याच्याजवळ चहाचा गोल डाग पडलेला होता. त्या दिवशी मला तो डागही दिसला होता, आणि तरी मी मारलं.

त्यांनी मला ओरडून दाखवलं नाही. मी मात्र इथे रोज ड्रेसिंग बदलताना ओरडतो, अख्ख्या मजल्याला ऐकू जातं.

माफी मागायला मला जमणार नाही. पाच बोटांची माफी कशानं मागायची ते मला ठाऊक नाही. पण मला एक गोष्ट येते, लोखंड जोडणं. मालकांना सांगा की प्रेसजवळचा लाल मुठीचा खटका मी परत बसवणार आहे. तारेवर, स्क्रीनवर चालणारा नाही. जाड मुठीचा, जबड्याच्या काठालाच असा की उतरणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं खाली ओढावा आणि प्रेसचा दम तिथल्या तिथे तुटावा. सांधा असा भरीन की उखडायचा तर प्रेस विकावी लागेल. वेल्ड केलेली वस्तू कोणी रातोरात हलवत नाही. मालक नाही म्हणाले तर त्यांना सांगा, मुकादमाचा भाऊ एका पायानंही जिना चढतो. आणि तो बसेपर्यंत कोणालाही जबड्यात उतरू देऊ नका, मग पिंप कुजलं तरी चालेल.

एका पायावर उभं राहून वेल्डिंग करताना पत्रा धरायला दुसरा माणूस लागेल. काकांना विचारा, येतील का. बोटं वळत नसतील तर नुसता तळवा दाबून धरला तरी चालतं. ठिणगी उडते म्हणून हातमोजे मी आणीन, त्यांच्या हातात बसतील असे शिवून घेईन. ते नाही म्हणाले तर त्यांना दुसऱ्यांदा विचारू नका. मीच येईन, जिन्यात बसून राहीन.

फळीवरचा पाना काढून माझ्या हत्यारांच्या पेटीत टाका. खटक्याचे बोल्ट आवळायला लागेल.

उद्यापासून बाकावर बसू नका, आत या. डबा आणा, इथलं जेवण भिंतीवर मारायच्या लायकीचंही नाही.

वर पुन्हा ‘सौ.’ लिहिलं गेलं आहे. ह्या वेळी खोडलं नाही. हात आहे, वहिनी, त्याला कळायला वेळ लागतो.

तुमचा भाऊजी